गावाच्या लेव्हल आणि एपीएलमधील मॅट्रिक्स : प्रकल्प नोंदी

कामाविषयी

आमच्या गावच्या शाळेसमोर पावसाळ्यात पाणी तुंबते. ते रस्त्याच्या मोरीपर्यंत नेण्यासाठी गटार काढायचे ठरले आणि त्यासाठी लागणाऱ्या लेव्हल (ठिकाणांच्या उंची) मी विनामोबदला घेऊन देण्याचे कबूल केले. मी सिव्हिलचा पदविकाधारक असून बावीस वर्षे मोजणीची कामे करतो. लेव्हलची गणिते आजवर आधी कॅल्क्युलेटरवर आणि पुढे एक्सेलमध्ये केली. एकापेक्षा अधिक फेऱ्या (जिथून निघालो तिथेच परत येणारी मोजणी) एकमेकींत गुंतल्या की चूक कोणत्या रेषेवर किती वाटायची हा प्रश्न येतो, आणि त्याचे योग्य उत्तर लघुतम वर्गांच्या पद्धतीने (दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवून), म्हणजे मॅट्रिक्स (ओळी आणि स्तंभांत बसवलेले आकडे) मांडूनच मिळते. एपीएल या संगणकाच्या भाषेत हे सगळे काम एका चिन्हाने होते असे कळल्यामुळे या छोट्या कामाच्या निमित्ताने ती शिकायची असे ठरवले. दुसऱ्या कोणाला हेच करायचे असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

ठिकाणे चार आहेत: देवळाची सर्वांत खालची पायरी (तिची उंची शून्य धरली आहे), शाळेचे फाटक, तळ्याच्या बांधाचा माथा आणि रस्त्याची मोरी. ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) घेतलेले उंचीतील फरक मीटरमध्ये असे आहेत:

देऊळ ते शाळा: १.२५४ चढ, अंतर १०० मीटर
शाळा ते बांध: ०.८३७ चढ, अंतर ५० मीटर
बांध ते मोरी: १.४१२ उतार, अंतर ५० मीटर
मोरी ते देऊळ: ०.६६४ उतार, अंतर १०० मीटर
शाळा ते मोरी, बांधाच्या पायथ्याच्या वाटेने: ०.५७० उतार, अंतर १०० मीटर

नोंदींतील आज्ञांमध्ये आकडे आणि नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रात ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

१२ जानेवारी

डायलॉग एपीएल हे एपीएल चालवणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. खासगी, बिगरव्यावसायिक वापरासाठी ते मोफत आहे. बसवायला वीस मिनिटे लागली, पण त्यानंतरचे तीन तास कळफलकावर गेले. मी राइड या खिडकीतून काम करतो. तेथे आधी बॅकटिकची कळ दाबायची आणि मग अक्षराची, म्हणजे चिन्ह उमटते: बॅकटिक आणि आर दाबले की ⍴, बॅकटिक आणि दोन दाबले की ऋण आकड्याची वरची रेघ ¯. पहिल्या दिवशी सगळी चिन्हे पाठ करण्याचा प्रयत्न केला आणि तो वाया गेला. संध्याकाळी फक्त लागणारी आठ चिन्हे एका कागदावर लिहून काढली, कागद लॅमिनेट केला (खर्च ३० रुपये) आणि पडद्याच्या खाली चिकटवला. पुढच्या सगळ्या कामाला तेवढी पुरली.

१४ जानेवारी

मॅट्रिक्सच्या आधी साधी बेरीज करून पाहिली. देवळापासून निघून शाळा, बांध, मोरी करत परत देवळाशी आल्यावर फरकांची बेरीज शून्य यायला हवी, आणि जी काही उरते ती फेरीची चूक. मी सरळ लिहिले:

१.२५४+०.८३७-१.४१२-०.६६४

उत्तर आले १.३४३. कॅल्क्युलेटरवर हीच बेरीज ०.०१५ येते. आधी आकडे चुकीचे टाकले असे वाटून ते दोनदा तपासले, पण ते बरोबर होते.

एपीएलमध्ये गुणाकार आधी, बेरीज नंतर असा क्रम नाही. प्रत्येक क्रिया आपल्या उजवीकडे असलेल्या सगळ्याच्या उत्तरावर होते. म्हणून यंत्राने आधी १.४१२ मधून ०.६६४ वजा केले, आलेले ०.७४८ हे ०.८३७ मधून वजा केले आणि राहिलेले ०.०८९ शेवटी १.२५४ मध्ये मिळवले. केनेथ आयव्हर्सन यांनी १९५० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकवताना ही चिन्हपद्धती घडवायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये आयबीएममध्ये ती संगणकावर चालू लागली. क्रियांची चिन्हे इतकी आहेत की प्रत्येकीला अग्रक्रम देत बसलो तर कोणाच्याच लक्षात राहणार नाही, त्यामुळे सर्वांना एकच नियम लावला आहे. नियम मला पटतो, पण बावीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

माझ्यासाठी यावरचा उपाय असा ठरला की वजाबाकीचे चिन्ह ओळीत वापरायचेच नाही. उतार हा ऋण आकडा म्हणून लिहायचा आणि सगळ्यांची बेरीज मागायची:

+/१.२५४ ०.८३७ ¯१.४१२ ¯०.६६४

उत्तर ०.०१५. म्हणजे फेरीत १५ मिलिमीटरची चूक आहे. सर्वसाधारण कामाला मी पाळतो ती मर्यादा अशी: फेरीची लांबी किलोमीटरमध्ये घ्यायची, तिच्या वर्गमूळाला २४ ने गुणायचे, आणि येतील तितके मिलिमीटर चालवून घ्यायचे. ही फेरी ३०० मीटरची असल्याने मर्यादा १३ मिलिमीटर येते. म्हणजे चूक मर्यादेच्या बाहेर होती आणि त्याच दिवशी गावात परत जायला हवे होते. दोनच मिलिमीटर जास्त आहेत, मॅट्रिक्स ते वाटून टाकील, असा विचार करून मी गेलो नाही. ही माझी या कामातील सर्वांत मोठी चूक होती आणि तिचा उलगडा ५ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे.

१५ जानेवारी

गुणकांची मॅट्रिक्स मांडायला घेतली. अज्ञात उंची तीन, त्यांचा क्रम शाळा, बांध, मोरी. प्रत्येक वाचनाची एक ओळ: जिथे पोहोचलो तिथे १, जिथून निघालो तिथे ¯१, बाकी शून्य. देऊळ शून्यावर धरलेले असल्याने त्याला स्तंभ नाही. अशा पाच ओळी आणि तीन स्तंभ.

सवयीने उणे एकसाठी वजाबाकीचे साधे चिन्ह टाकले आणि यंत्राने लेंग्थ एरर दिली. कारण कालचेच. ओळीच्या मध्ये आलेले वजाबाकीचे चिन्ह ही आकड्याची खूण नसून क्रिया आहे. त्यामुळे उजवीकडचे तीन आकडे डावीकडच्या चार आकड्यांतून वजा करण्याचा प्रयत्न झाला आणि लांबी जुळली नाही. इथे चूक निदान बोलून दाखवली गेली. पण ओळ सुटी लिहून तपासायला गेल्यावर -१ १ ० याचे उत्तर ¯१ ¯१ ० असे निमूटपणे मिळाले, कारण वजाबाकी पूर्ण ओळीला लागू झाली. वरची रेघ आकड्याचा भाग आहे आणि मधली रेघ क्रिया आहे, हे हाताला बसायला अर्धा तास गेला.

१८ जानेवारी

आज पहिले पूर्ण उत्तर मिळाले आणि ते पूर्ण चुकीचे होते. ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहितो.

मॅट्रिक्स मी सलग आकड्यांची रांग देऊन बांधली. ५ ३⍴ असे लिहून पुढे आकडे दिले की यंत्र ते तीन-तीनच्या पाच ओळींत बसवते. वाचनांची यादी अशी ठेवली:

वाचन←१.२५४ ०.८३७ ¯१.४१२ ¯०.६६४ ¯०.५७०

मग दोन्हींमध्ये ⌹ हे चिन्ह टाकले. चौकटीत भागाकार असे त्याचे रूप आहे आणि एपीएलवाले त्याला डॉमिनो म्हणतात. समीकरणे अज्ञातांपेक्षा जास्त असली तर ते लघुतम वर्गांचे उत्तर काढून देते.

वाचन⌹गुणक

उत्तर आले: १.१५७ ¯०.०९५ ०.०६३ (मी तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिले आहे). यंत्राने कोणतीही तक्रार केली नाही. एवढ्या दिवसांच्या खटपटीनंतर तीन आकडे एका ओळीत समोर आल्याचा मला इतका आनंद झाला की ते कागदावर उतरवून मी स्टाफ (मोजणीची आकडे घातलेली उभी पट्टी) धरणाऱ्या आबांना फोनवर वाचून दाखवले. आबांनी शाळेचा आकडा ऐकून घेतला. बांधाचा ऐकल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, बांधाचा माथा देवळाच्या पायरीच्या खाली कसा जाईल? बांधावर उभं राहिलं की देवळाची कौलं खाली दिसतात."

ते खरे होते. बांधावर स्टाफ धरून तेच उभे होते आणि दुर्बिणीतून पाहणारा मी होतो. बांध देवळाच्या पायरीपेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे, हे वाचनांवरूनही दिसते: १.२५४ आणि ०.८३७ यांची बेरीजच २.०९१ होते. मी उत्तराकडे पाहिले, पण उत्तर ज्या जमिनीचे होते तिच्याकडे पाहिले नाही.

मॅट्रिक्स पडद्यावर छापून पाहिली तेव्हा पहिली ओळ १ ० ¯१ अशी निघाली, जी १ ० ० असायला हवी होती. टाइप करताना पहिल्या ओळीतील एक शून्य गळला होता. पंधराऐवजी चौदा आकडे गेले, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा एक घर डावीकडे सरकला आणि शेवटच्या रिकाम्या घरात यंत्राने रांगेचा पहिला आकडा पुन्हा आणून बसवला. आकडे कमी पडले की रांग पुन्हा सुरुवातीपासून वापरायची असाच ⍴ चा नियम आहे. शून्यांनी किंवा एकाच आकड्याने भरलेली मॅट्रिक्स बनवताना तो फार सोयीचा पडतो. इथे त्याने पाचही समीकरणे बदलली, आणि बदललेल्या समीकरणांचे डॉमिनोने अगदी योग्य उत्तर दिले.

उत्तर मूळ समीकरणांत परत घालून पाहिले असते तरी हे कळले असते. चुकीच्या मॅट्रिक्सला चुकीच्या उत्तराने गुणून वाचनांशी फरक काढला तेव्हा चौथ्या ओळीत जवळजवळ ७० सेंटिमीटर फरक निघाला. पंधरा मिलिमीटर चुकीच्या फेरीत ७० सेंटिमीटर कुठून येणार? हा पडताळा मी आधी का केला नाही, याचे कारण एवढेच की यंत्राने चूक दाखवली नाही म्हणजे मांडणी बरोबर, असे मी धरून चाललो होतो.

वेळ: साडेतीन तास, त्यातील दोन चूक शोधण्यात.

१९ जानेवारी

सलग रांग देण्याऐवजी प्रत्येक ओळ कंसात लिहून ↑ ने एकत्र करण्याची पद्धत घेतली:

गुणक←↑(१ ० ०)(¯१ १ ०)(० ¯१ १)(० ० ¯१)(¯१ ० १)

आता कंसातली प्रत्येक ओळ डोळ्यांना वेगळी दिसते आणि एका ओळीतली चूक दुसऱ्या ओळीत जात नाही. तरीही ही पद्धत पूर्ण सुरक्षित नाही. एखाद्या कंसात दोनच आकडे राहिले तर ↑ त्या ओळीच्या शेवटी शून्य भरते आणि पुन्हा काही बोलत नाही. पहिल्या ओळीत १ ० एवढेच लिहिले तर योगायोगाने मॅट्रिक्स बरोबरच येते, पण चौथ्या ओळीतील शून्य गळला तर मोरीऐवजी बांधाच्या स्तंभात ¯१ जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक कंसात किती आकडे आहेत ते ≢¨ ने आधी मोजून घेतो, सगळीकडे ३ आले तरच पुढे जातो.

त्यानंतर ⍴गुणक विचारायचे आणि ५ ३ हे उत्तर डोळ्यांनी पाहायचे. मला वाटते, ज्याला या भाषेत मॅट्रिक्सचे काम करायचे आहे त्याने पहिल्या दिवसापासून हीच एक सवय लावावी. क्रिया कोणतीही असो, तिच्या आधी आणि नंतर आकार विचारावा. माझ्या आतापर्यंतच्या चुकांपैकी एक सोडली तर सगळ्या आकाराच्या होत्या, गणिताच्या नव्हत्या.

दुरुस्त मॅट्रिक्सने उत्तर: १.२४७१२५ २.०८३५ ०.६७०८७५. बांध वर आला.

२२ जानेवारी

आज दोन गोष्टी मुद्दाम मोडून पाहिल्या.

पहिली: डॉमिनोच्या दोन्ही बाजू उलट केल्या, म्हणजे गुणक⌹वाचन. माझी अपेक्षा होती की आकार न जुळल्याने चूक दाखवली जाईल. तसे झाले नाही आणि तीन आकडे आले: ०.१९६ ०.४४७ ¯०.२६२. उजवीकडे साधी यादी दिली की यंत्र तिला एका स्तंभाची मॅट्रिक्स धरते आणि डावीकडच्या तीनही स्तंभांचे तिच्याशी वेगवेगळे गणित करते. उत्तराचा आकारही तीनच, त्यामुळे इथे ⍴ ची तपासणीसुद्धा उपयोगी पडत नाही. यातून वाचवणारी गोष्ट एकच: उत्तर परत गुणून पाहणे. भागाकारात भाज्य डावीकडे आणि भाजक उजवीकडे असतो, तसे वाचन डावीकडे आणि गुणक उजवीकडे, असे मी कागदावर लिहून ठेवले आहे.

दुसरी: देऊळही अज्ञात धरले आणि चार स्तंभांची मॅट्रिक्स केली. उत्तर म्हणून डोमेन एरर आली. मोजणीच्या भाषेत तिचा अर्थ अगदी सरळ आहे. पाचही वाचने फरकांची आहेत, त्यामुळे चारही ठिकाणे एकदम एक मीटर वर उचलली तरी एकही वाचन बदलत नाही, आणि मग खरी उंची कोणती हे यंत्राने ठरवायचे कसे? मॅट्रिक्समध्ये हीच गोष्ट अशी दिसते की प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते. बेंचमार्क (उंची ठरवून दिलेली खूण) का लागतो हे मी अनेक मुलांना सांगितले आहे, पण ते इतके स्पष्ट मला कधी दिसले नव्हते. देऊळ ठेवायचेच असेल तर १ ० ० ० अशी सहावी ओळ आणि वाचनांत सहावा आकडा शून्य द्यावा. तसे करूनही शाळा, बांध आणि मोरीच्या उंची त्याच येतात. मी स्तंभ काढून टाकणेच पसंत केले.

२५ जानेवारी

डॉमिनो आत काय करतो यावर विश्वास बसावा म्हणून तेच काम लांबच्या रस्त्याने केले. मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी) घ्यायचा आणि त्याने मूळ मॅट्रिक्सला गुणायचे:

जोड←(⍉गुणक)+.×गुणक

पहिल्यांदा कंस विसरलो. मग यंत्र आधी गुणक ला गुणक ने गुणायला जाते, आणि ५ ३ ला ५ ३ ने गुणता येत नसल्याने लेंग्थ एरर येते. कंस घातल्यावर तीन ओळींची मॅट्रिक्स आली:

३ ¯१ ¯१
¯१ २ ¯१
¯१ ¯१ ३

कर्णावरचे आकडे म्हणजे त्या ठिकाणी किती रेषा मिळतात ते: शाळेला तीन, बांधाला दोन, मोरीला तीन. कागदावरच्या नकाशात मोजून पाहिले, जुळते. डावीकडे काही न देता जोड ला डॉमिनो लावला की व्यस्त मॅट्रिक्स मिळते:

०.६२५ ०.५ ०.३७५
०.५ १ ०.५
०.३७५ ०.५ ०.६२५

दोहोंचा गुणाकार करून पडताळा घ्यायला गेलो आणि तिथे सव्वा तास अडकलो. मी जोड×⌹जोड असे लिहिले होते. पहिली ओळ आली १.८७५ ¯०.५ ¯०.३७५. कर्णावर एक आणि बाकी शून्य यायला हवे होते. × हे चिन्ह मॅट्रिक्सचा गुणाकार करत नाही. ते समोरासमोरच्या घरांतील आकडे एकमेकांशी गुणते. मॅट्रिक्सच्या गुणाकाराला +.× लागते, म्हणजे गुणून मग बेरीज. पाच गुणिले तीनच्या मॅट्रिक्समध्ये आकार जुळत नाही म्हणून चूक लगेच कळते, पण दोन्ही मॅट्रिक्स तीन गुणिले तीनच्या असल्या की दोन्ही चिन्हे चालतात.

वेळ जास्त जाण्याचे कारण वेगळेच होते. चुकीच्या उत्तरातल्या प्रत्येक ओळीची बेरीज मी घेतली आणि ती तंतोतंत १ आली. त्यामुळे उत्तर जवळपास बरोबर आहे आणि छपाईत काही गोंधळ आहे असे मला वाटत राहिले. नंतर कळले की मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी असेल तर असे होणारच. खऱ्या गुणाकारात कर्णावरचा १ ज्या तीन गुणाकारांच्या बेरजेने तयार होतो, तेच तीन गुणाकार इथे एका ओळीत सुटे पडलेले असतात. शेवटी जोड+.×⌹जोड लिहिल्यावर हवी ती मॅट्रिक्स आली.

२६ जानेवारी

लांबच्या रस्त्याचे उत्तर डॉमिनोच्या उत्तराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले. आता पडताळ्याची ओळ रोजची केली आहे:

(गुणक+.×उत्तर)-वाचन

कंस आवश्यक आहे. दुरुस्त्या मिलिमीटरमध्ये ¯६.९ ¯०.६ ¯०.६ ¯६.९ ¯६.३ आल्या. बांधावरच्या दोन रेषांना जवळजवळ काहीच लागत नाही आणि बाकीच्या तीन रेषांना सहा-सात मिलिमीटर लागतात, हे आजच खटकायला हवे होते. मी ते लिहून ठेवले आणि पुढे गेलो.

१ फेब्रुवारी

रेषेची लांबी जितकी जास्त तितका तिच्यावर विश्वास कमी, म्हणून वजने अंतराच्या व्यस्त प्रमाणात घेतली: वजन←१ २ २ १ १. वजन×गुणक लिहिल्यावर रँक एरर आली, कारण एक यादी आहे आणि दुसरी मॅट्रिक्स, आणि ओळींना गुणायचे की स्तंभांना हे यंत्र स्वतः ठरवत नाही. वजन×[१]गुणक लिहिले की प्रत्येक ओळ तिच्या वजनाने गुणली जाते.

उत्तर आले १.२४६८५७ २.०८३५ ०.६७११४३. दिसायला अगदी ठीक. केवळ खात्रीसाठी हाताने समीकरणे मांडली, तर शाळेची उंची नेमकी १.२४७ आली. फरक मिलिमीटरच्या सातव्या भागाइतका आहे आणि गटाराच्या कामाला त्याने काही बिघडत नाही, पण दोन उत्तरे वेगळी येतात म्हणजे कुठेतरी समज चुकली आहे, म्हणून सोडून दिले नाही. डॉमिनो चुकांचे वर्ग करतो, त्यामुळे ओळीला वजनाने गुणले तर वजनाचाही वर्ग होतो आणि २ चे ४ होतात. ओळीला वजनाच्या वर्गमूळानेच गुणले पाहिजे:

मूळ←वजन*०.५
(मूळ×वाचन)⌹मूळ×[१]गुणक

आता १.२४७ २.०८३५ ०.६७१. आकाराची नसलेली माझी आणखी एक चूक ही. ती यंत्राने दाखवली नाही, परत गुणून पाहण्याच्या पडताळ्यातही ती दिसली नसती, आणि हाताने केलेल्या गणिताशिवाय ती मला कधीच कळली नसती.

५ फेब्रुवारी

२६ जानेवारीच्या दुरुस्त्या पुन्हा काढून बसलो आणि छोट्या फेऱ्या वेगळ्या केल्या. शाळा, बांध, मोरी या फेरीत चूक ५ मिलिमीटर. देऊळ, शाळा, मोरी या फेरीत २० मिलिमीटर. शाळा ते मोरी ही रेषा दोन्ही फेऱ्यांत आहे, त्यामुळे मोठी चूक तिच्यात असती तर पहिली फेरीही बिघडली असती. म्हणजे संशय देऊळ ते शाळा किंवा मोरी ते देऊळ या दोनच रेषांवर राहतो.

सकाळी आबांना घेऊन गावात गेलो (त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी ३०० रुपये, पेट्रोल १५० रुपये). देऊळ ते शाळा पुन्हा घेतली, फरक तोच आला. मोरी ते देऊळ घेतली तेव्हा उतार ०.६६४ ऐवजी ०.६८२ निघाला. या रेषेत घरे आड येतात म्हणून मध्ये एक चेंज पॉइंट (लेव्हल पुढे हलवताना स्टाफ टेकवून ठेवायची जागा) घ्यावा लागतो, आणि मागच्या वेळी तो सार्वजनिक नळाजवळच्या ओल्या मातीत घेतला होता, हे आबांना आठवले. मी लेव्हल उचलून पुढे लावेपर्यंत स्टाफ तिथेच टेकलेला होता आणि तेवढ्या वेळात तो खचला. स्टाफ खचला की मागचे वाचन जास्त येते आणि पुढची सगळी उंची तितकी वर जाते. फरकाची दिशाही तीच आहे. आज चेंज पॉइंट दगडी पायरीवर घेतला.

यादीतला एक आकडा बदलला, बाकी ओळी जशाच्या तशा पुन्हा चालवल्या. उत्तर १.२५४२ २.०९२५ ०.६८१८ आणि सर्वांत मोठी दुरुस्ती २.४ मिलिमीटर. मोठ्या फेरीची चूक आता ३ मिलिमीटर आहे. आधीच्या गणिताने १८ मिलिमीटरची एक चूक चांगल्या रेषांवरही वाटली होती आणि मोरीची उंची ११ मिलिमीटरने खाली ठेवली होती. तो हिशेब गणित म्हणून निर्दोष होता.

६ फेब्रुवारी

शाळेच्या फाटकापासून मोरीपर्यंत ०.५७२ मीटर उतार मिळतो, म्हणजे सुमारे १७५ ला १. हे आकडे आणि देवळाच्या पायरीवरच्या खुणेचा फोटो आज गावात दिला. एकूण खर्च ४८० रुपये. एपीएलवर गेलेला वेळ सुमारे एकोणीस तास, त्यातील निम्म्याहून अधिक वर लिहिलेल्या चुकांत गेला. शाळेच्या फाटकाशी रोवलेला खुंटा गुरांच्या वाटेत येतो. काम सुरू होईपर्यंत तो हलू नये म्हणून आबा उद्या त्याच्याभोवती दगड लावणार आहेत, आणि गवंडी येईल त्या दिवशी देवळापासून त्याची लेव्हल मी पुन्हा एकदा घेणार आहे.